पुन्हा रांगेत

ऑस्टिनला आल्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षं, आमचं बार्बेक्यूचं दुकान ठरलेलं. पोस्ट ओकच्या लाकडावर रात्रभर धुरावलेलं ब्रिस्केट, वजनावर विकायचं, ताटाऐवजी जाड कागदावर द्यायचं. पाहुणे आले की त्यांना तिथे न्यायचंच!

गेल्या महिन्यात बाबांना नेलं. ते गाईचं मांस खात नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी टर्की. काउंटरवरच्या मुलाला दोनदा बजावलं, वेगळ्या कागदावर दे. त्याने मान डोलावली आणि सगळं एकाच कागदावर रचलं. ब्रिस्केटची चरबी ओघळून टर्कीखाली. बदलून मागितलं तर म्हणाला, "दुसरं हवं असेल तर पुन्हा रांगेत या." रांग दाराबाहेर गेलेली. 'अकरा वर्षांचं गिऱ्हाईक आहे मी' हे अगदी ओठांवर आलं होतं... पण त्याला त्याचं काय!

बाबांनी पांढरा पाव, कांदा आणि व्हिनेगरमधली काकडी खाल्ली. तक्रार नाही. मीच गाडीत धुसफुसत होतो, "आता इथे पाय ठेवायचा नाही."

बाबांचं गावी किराणा दुकान होतं. म्हणाले, "भांडणारं गिऱ्हाईक परवडतं रे. जे न बोलता जातं ना, त्याच्या बाबतीत आपलं काय चुकलं ते कधी कळतच नाही."

काल एकटाच गेलो. मालकाला गाठून सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं, पैसे परत देऊ केले. मी घेतले नाहीत. बरं वाटलं खरं.

पण बाबा परवाच भारतात परतले. त्यांची टर्की राहिलीच.

असो.