सहाशे वॅटची होडी

सहाशे वॅट! आमच्या घरचा मिक्सर साडेसातशेचा आहे. म्हणजे ज्या विजेवर खोबऱ्याचं वाटण होतं, त्याहून कमी विजेत तीन माणसं, पागाचं जाळं, बर्फाची पेटी आणि चौदा फुटी फायबरची होडी मुरब्याच्या खाडीतून चालते. चालते म्हणजे खरंच चालते, आणि आवाज म्हणून काही नाही! मी बोईसरला एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. मोटर हा माझा रोजचा विषय. पाच हॉर्सपॉवर, दहा, पंचवीस, नेमप्लेट वाचली की तिची कुंडली सांगतो. तरी या एका हाताने उचलता येणाऱ्या ट्रोलिंग मोटरने माझी झोप उडवली आहे. घरात हा विषय काढायला बंदी आहे, म्हणून इथे लिहितो.

वस्तू अगदी साधी. एक उभा दांडा, त्याच्या खालच्या टोकाला पाण्यात बुडालेली लांबट मोटर, तिच्या शेपटाला पंखा, वर हातात धरून वळवायची मूठ आणि बॅटरीला लावायच्या दोन क्लिपा. मूळ काम एवढंच की गळ पाण्यात सोडलेला असताना होडी संथपणे, एका लयीत ओढत न्यायची. १९३४ साली अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटात, फार्गो गावी, ओ. जी. श्मिट नावाच्या माणसाने फोर्ड मॉडेल ए गाडीचा स्टार्टर काढला, त्याला लवचीक दांडा आणि पंखा जोडला आणि होडीला लावला. गाडीचा स्टार्टर! त्यातूनच पुढे मिन कोटा ही कंपनी उभी राहिली. त्याच्याही आधी, १८८१ मध्ये, गुस्ताव्ह त्रूव्हेने पॅरिसला सीन नदीत विजेची होडी चालवली होती, आणि १८३८ मध्ये याकोबीने सेंट पीटर्सबर्गला नेव्हा नदीत बॅटरीवर माणसं फिरवली होती. हे वाचताना मी रात्री दोन वाजता एकटाच ‘अरे!’ म्हणून ओरडलो. आम्ही डिझेलच्या धुरात खोकत बसलो होतो आणि ही युक्ती पावणेदोनशे वर्षांहून जुनी निघाली.

पहिल्यांदा मोटर पाण्यात घातली तेव्हा मित्राने विचारलं, ‘चालू कधी करणार?’ चालूच होती! किनाऱ्यावरची तिवरं मागे सरकायला लागली तेव्हा त्याला कळलं. आणि मग ऐकू यायला लागलं, जे आउटबोर्ड इंजिनाच्या फटफटीत कधी कानावर पडलंच नव्हतं. तिवरांच्या मुळांतल्या चिखलातून येणारी टिकटिक, बोईने मारलेली उडी, ओहोटीला उघड्या पडलेल्या गाळावर निवट्यांची पळापळ. होडी आपण होऊन बोईच्या थव्याजवळ गेली आणि थवा पांगला नाही. पाग टाकणाऱ्याला यापेक्षा काय हवं?

पण कुठली मोटर घ्यायची? इथेच खरी मजा आहे. खोक्यावर किलोवॅट नसतात, पौंड असतात. ३० पौंड, ४५ पौंड, ५५ पौंड. हा रेटा आहे, मोटर होडीला किती जोराने ढकलते त्याचं माप. ५५ पौंड म्हणजे साधारण २५ किलोचा रेटा. बाजारातला ठोकताळा असा की भरल्या होडीच्या दर शंभर पौंड वजनाला दोन पौंड रेटा. आपल्या हिशोबात शंभर किलोला सुमारे साडेचार पौंड. आमची होडी, आम्ही तिघं, बॅटरी, बर्फ, जाळं मिळून साडेचारशे किलो धरले, तर वीस पौंडांत काम भागायला हवं. मी ३० पौंडांची मोटर जवळजवळ ठरवून टाकली होती.

तेवढ्यात मित्राचे वडील, ज्यांचं आयुष्य सातपाटीच्या पाण्यात गेलं, त्या काकांनी एकच प्रश्न विचारला, ‘हा हिशोब तळ्याचा की खाडीचा?’

तळ्याचाच होता! अमेरिकेतल्या शांत सरोवरांचा. आपल्याकडे पालघरच्या किनाऱ्याला उधाणात चार-पाच मीटर पाणी चढतं-उतरतं, आणि तेवढं सगळं पाणी खाडीच्या तोंडातून आत-बाहेर करतं. ओहोटी जोरावर असली की प्रवाह ताशी चार-पाच किलोमीटर सहज. या मोटरींचा पंखा मुळात संथ गतीसाठी घडवलेला, होडी भरलेली असली तर ताशी सहा-सातच्या पुढे जायचं नाव नाही. म्हणजे उधाणाच्या ओहोटीत उलट दिशेने निघालात तर पूर्ण जोर लावून पायी चालणाऱ्या माणसाच्याही मागे राहाल, आणि बॅटरी मात्र भराभर उतरेल. मग दुप्पट पौंडांची मोटर घ्यावी? तिथेही गंमत आहे. रेटा दुप्पट केला म्हणून वेग दुप्पट होत नाही. होडीच्या तळाला होणारा पाण्याचा विरोध वेगापेक्षा कितीतरी जास्त वाढतो. जादा रेटा उपयोगी पडतो तो वाऱ्यात होडीची नाळ सरळ धरायला आणि प्रवाहात जागा सोडू न द्यायला. म्हणून मी ५५ पौंडांवर आलो. बारा व्होल्टच्या एका बॅटरीवर चालणाऱ्या मोटरींत साधारण हीच शेवटची पायरी, पूर्ण जोरावर सुमारे ५० अँपिअर. त्याच्या वर ८० पौंड म्हणजे २४ व्होल्ट, ११२ पौंड म्हणजे ३६; दोन-तीन बॅटऱ्या, दुप्पट-तिप्पट वजन, आणि चौदा फुटी होडीत माणसं बसायची कुठे?

आणि काकांनी पुढचा धडा कॅलेंडरसमोर उभं करून दिला. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट, सहा; सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आगेमागे. अष्टमीच्या सुमारास भांग, पाणी मंद. पुनवेला उधाण, पाण्याला ओढ. मोटर घेऊन निघायचं ते भरतीबरोबर आत आणि ओहोटीबरोबर बाहेर, आणि शक्यतो भांगाच्या दिवसांत. एवढं पाळलं की जाता-येता मोटरीला कामच कमी राहतं. खरा जोर लागतो तो मधल्या वेळेत, पाग टाकताना होडी जागेवर धरायला. मला वाटलं होतं मी त्यांना नवीन काही दाखवतोय! भिंतीवरचं कालनिर्णय हा मोटरीचा अर्धा भाग आहे, हे कुठल्याच माहितीपत्रकात छापलेलं नाही.

आता खारं पाणी. मिन कोटाच्याच दोन मालिका पाहा. एन्ड्युरा गोड्या पाण्यासाठी, रिपटाइड खाऱ्यासाठी, आणि किमतीत चांगलाच फरक. स्वस्ताचा मोह होतो, मलाही झाला. पण खाऱ्या पाण्याच्या मोटरीत आतली जोडणी जास्त बंदिस्त असते, रंगाचा थर वेगळा असतो आणि पंख्यापाशी जस्ताचा एक छोटा तुकडा बसवतात. तो तुकडा बघून मी अक्षरशः उडालो. हे तर आमचं कॅथोडिक प्रोटेक्शन! कंपनीतल्या जमिनीखालच्या पाइपांना आम्ही हेच करतो. गंजायचं ते जस्ताने गंजावं, मोटर वाचावी. तुकडा झिजला की बदलायचा, आणि घरी आल्यावर सगळं गोड्या पाण्याने धुवायचं. पंखा काढून त्यामागेही बघायचं, कारण तिथे तंगूस गुंडाळली गेली की सील कापलं जातं आणि पाणी आत शिरतं. आमच्या खाडीत तंगूस, जुन्या जाळ्यांचे तुकडे आणि प्लास्टिकच्या पिशव्या यांची टंचाई नाही.

दांड्याची लांबी लोक विसरतात. पंखा पृष्ठभागाखाली निदान फूटभर हवा, नाहीतर हवा ओढून नुसता फेस काढतो. पण मुरबे-सातपाटीच्या खाडीत गाळ एवढा साचलाय की मोठ्या बोटीसुद्धा भरतीची वाट बघत थांबतात, तिथे दांडा फार लांब झाला तर पंखा चिखल घुसळत बसेल. म्हणून मधली लांबी आणि झटकन वर उचलता येईल अशी कडी. मोटर पुढे नाळेवर लावली तर होडी ओढली जाते आणि वाऱ्यात जास्त ताब्यात राहते, हे अगदी खरं. जीपीएसवर होडी एकाच जागी धरून ठेवणाऱ्या महागड्या मोटरीही पुढेच बसतात. नांगर न टाकता नांगरलेली होडी, काय सुख! पण आमचा पागवाला पुढेच उभा राहतो, आणि जाळं मोटरीत अडकलं तर त्याचं तोंड कोण ऐकणार? मोटर मागच्या फळीवर गेली.

बॅटरीवर मी दोन पानं लिहू शकतो, पण आवरतो. गाडीची बॅटरी नको, ती एका झटक्यासाठी असते. इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर चालते, पण पन्नास किलोच्या वर वजन, आणि निम्म्याखाली उतरवली की आयुष्य घटतं. आम्ही लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० अँपिअर-तासांची घेतली, दहा-बारा किलोची. हळू चालवताना १५ अँपिअर धरले तर सहा तास, पूर्ण जोरावर दोन तासांच्या आत खेळ खलास. पाच गिअरवाल्या साध्या मोटरी वेग कमी करताना काही वीज नुसती तापण्यात घालवतात. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरच्या मोटरी ती वाचवतात, आणि आम्ही बहुतेक वेळ हळूच चालत असल्यामुळे तिथे पैसे घालणं मला पटलं. साठ अँपिअरचा ब्रेकर, सोळा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, आणि वल्ही. वल्ही कायम होडीत!

पूर्ण चार्जिंगला घरच्या मीटरवर दीड युनिटच्या आसपास. दीड युनिट! तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये या किनाऱ्यावर वीज करू लागल्या आणि त्यांच्या शेजारच्या होड्या अजून वल्ह्यांवर नाहीतर तेलावर, हे माझ्या डोक्यात आता सारखं घोळतं. अर्थात खोल समुद्रात दिवसेंदिवस पापलेटच्या मागे जाणाऱ्या सातपाटीच्या दालदी जाळ्यांच्या बोटींना ही मोटर कुणी सुचवू नये, काका बोटीवरून फेकून देतील. २०२३ मध्ये राज्यमासा झालेल्या पापलेटसाठी डिझेलच लागतं. आणि मुरब्याच्या एका बोटीला २०२१ मध्ये दीडशेवर घोळ मासे मिळून सव्वा कोटीहून अधिक रुपये झाले, तसलं काही आमच्या पागात येणार नाही. आमच्या वाट्याला बोई, कोळंबी, चिंबोऱ्या, क्वचित जिताडा. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत मोटर उतरवून कपाटावर ठेवतो. बंदी यांत्रिक होड्यांना आहे आणि मोटर लावली की होडी यांत्रिक झाली, तिथे पळवाट शोधायची नाही.

केरळात २०१७ पासून वैकमच्या फेरीवर ‘आदित्य’ ही ७५ माणसांची सौर बोट चालते हे कळल्यापासून माझं पुढचं ठरलं आहे. शंभर वॅटचं पॅनेल, कोरड्या दिवसांत रोजचे चारशे वॅट-तास, म्हणजे रिकामी बॅटरी तीन-साडेतीन दिवसांत भरते आणि पुढच्या साप्ताहिक सुट्टीपर्यंत होडी बंदरात उभ्या उभ्या तयार. पॅनेल कुठल्या कडेला बसवायचं यावर मात्र एकमत होत नाही. पागवाला म्हणतो उजवीकडे नको, हात अडतो. मी म्हणतो डावीकडे नको, मोटरीची मूठ अडते. आणि काका म्हणतात, छप्पर करा, सावलीत तरी बसता येईल.