आपल्यात अवतार नसतो गं!

"काय हा अवतार करून घेतलास?" हे वाक्य आमच्या घरात दिवसातून एकदा तरी ऐकू येतेच. उसाच्या पाचटातून खेळून आलेले पोर असो, नाही तर बारामतीच्या एम.आय.डी.सी.तून रात्रपाळी करून आलेला मोठा माणूस असो. अवतार या शब्दाचा आमच्या घरी एवढाच उपयोग. त्यामुळे सहामाहीच्या सुट्टीत आमची दहावीतली मुलगी मोबाइल पुढे धरून "आजी, मी माझा अवतार कोणता करू?" असे विचारू लागली, तेव्हा तांदूळ निवडणाऱ्या आईंचा हात थांबला.

"आपल्यात अवतार नसतो गं पोरी! विहारात बावीस प्रतिज्ञा म्हणतेस ना?"

आम्ही हसलो. पण आईंचे म्हणणे खरे होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला प. पू. बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत देव अवतार घेतो हे मानायचे नाही आणि बुद्धाला विष्णूचा अवतार समजायचे नाही, असे स्पष्टच आहे. अवतार म्हणजे वरून खाली उतरणे. तथागत वरून उतरले नाहीत. ते माणूस म्हणून जन्मले आणि स्वतःच्या प्रयत्नाने बुद्ध झाले. मग हा मोबाइलमधला अवतार कसला?

वाचक बंधुभगिनींनो, हा लेख आम्ही नवरा-बायको मिळून लिहीत आहोत. लिहिणारा हात एकाचा, बोलणे दोघांचे. मुलीनेच आम्हाला समजावून सांगितले. मोबाइलच्या पडद्यावर एक जग असते. रस्ते, घरे, डोंगर, नदी. त्यात आपण स्वतः जात नाही, आपली एक बाहुली जाते. तिचा रंग, केस, कपडे, नाव आपण ठरवायचे. आपण बोट फिरवले की ती चालते. दुसऱ्या गावची मुलेही आपापल्या बाहुल्या घेऊन त्याच वेळी तिथे असतात. एकमेकांशी बोलता येते, मिळून घरे बांधता येतात. त्या बाहुलीला अवतार म्हणतात.

शब्द आपल्याकडचाच, पण तो अमेरिकेतून फिरून आला. रिचर्ड गॅरियट यांनी १९८५ साली संगणकावरच्या एका खेळाच्या नावात तो वापरला. १९८६ च्या सुमारास 'हॅबिटॅट' नावाच्या, अनेकांनी एकाच वेळी खेळायच्या खेळात पडद्यावरच्या माणसाला अवतार म्हटले गेले. नील स्टीफन्सन यांच्या १९९२ च्या कादंबरीने तो शब्द सगळीकडे नेला. २००३ साली 'सेकंड लाइफ', म्हणजे दुसरे आयुष्य, या नावाचे असे जग निघाले. परदेशातल्या कित्येक विद्यापीठांनी त्यात वर्ग भरवले. शिकवणारा एका देशात, शिकणारा दुसऱ्या, आणि बाहुल्या एकाच खोलीत बसलेल्या.

आमची मुलगी ज्या जगात जाते ते ठोकळ्यांचे आहे. पुणे, नाशिक, नागपूर, बेळगाव अशा गावांची सहा-सात मुले तिथे जमतात. आम्हाला वाटले, वेळ घालवण्याचा धंदा. पण जवळ बसून पाहिले तर निराळेच दिसले. त्या जगात आपण कुठे उभे आहोत ते तीन आकड्यांनी कळते. दहावीला निर्देशक भूमिती आहे. फळ्यावर तिच्या डोक्यात न शिरलेले एक्स आणि वाय तिथे चालता चालता शिरले. महत्त्वमापनातले घनफळ ही मुले ठोकळे मोजून एकमेकांना समजावतात. शाळेत ही पोरगी हात वर करत नाही. तिथे मात्र, "थांब, मला कळलं नाही, परत सांग," असे बिनधास्त म्हणत होती. आम्हाला बरे वाटले.

मग आम्ही तिची बाहुली नीट पाहिली. गोरीपान, सोनेरी केसांची. आणि डोक्यावर जे नाव तरंगत होते, त्यातले आडनाव आमचे नव्हते.

"हे आडनाव कुणाचं गं?"

"असंच. मालिकेतलं आहे."

"आपलं का नाही घातलं?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पप्पा, मी पाचवीत होते तेव्हा तुम्हीच नव्हता का फोटो बदलला?"

त्या रात्री आम्हा दोघांनाही झोप लागली नाही.

गोष्ट २०२० ची. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, पुढे शाळा मोबाइलवर आली. घरात मोबाइल एकच, वडिलांचा. त्यामुळे वर्गाच्या चौकोनात मुलीच्या जागी वडिलांचे नाव आणि वडिलांनी लावलेला फोटो दिसायचा. फोटो बाबासाहेबांचा, निळ्या कोटातला. एके दिवशी वर्गातल्या कुणीतरी लिहिले, "हा फोटो लावलाय म्हणजे तुम्ही ते का?" खाली दोघा-तिघांनी हसण्याची चित्रे टाकली. मुलगी रडत आमच्याकडे आली. आम्ही काय करायला हवे होते? शिक्षकांशी बोलायला हवे होते. मुलीला जवळ घेऊन दोन शब्द सांगायला हवे होते. आम्ही केले एवढेच, की बाबासाहेबांचा फोटो काढून गुलाबाचे फूल लावले. "पोरीला त्रास नको," असे एकमेकांना म्हणालो. पोरगी विसरली असेल असे धरून चाललो. ती विसरली नव्हती. लपायचे कसे, हा धडा तिने आमच्याकडूनच घेतला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला बाबासाहेबांच्या आयुष्यातल्या दोन हकिगती सांगितल्या. दोन्ही त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लिखाणात नोंदवल्या आहेत.

पहिली १९०१ सालची, आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातली. वडिलांना भेटायला निघालेली ही मुले मसूर स्टेशनवर उतरली. अंगात नवे शर्ट, डोक्यावर चमचमत्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे. न्यायला कुणी आले नव्हते म्हणून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. कपड्यांवरून त्याला ती ब्राह्मणांची मुले वाटली. मुलांनी भाबडेपणाने जात सांगितली आणि मास्तरचा चेहराच बदलला.

दुसरी १९१७ सालची. अमेरिका-इंग्लंडमध्ये शिकून बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर गेले. राहायला जागा मिळेना. अखेर एका पारशी वसतिगृहात वहीत पारशी नाव लिहून ते राहिले. अकराव्या दिवशी सकाळी लाठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले. जागा सोडावी लागली. पुढे कामाठी बागेत ते काही तास बसून होते.

मुलीने विचारले, "म्हणजे बाबासाहेबांनीपण खोटं नाव घेतलं होतं?"

घेतले होते, आणि ते त्यांनी लपवून ठेवले नाही. डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसाला दोष देण्याचे कारण नाही. दोष नाव विचारून दार लावणाऱ्यांचा. पण कपड्यांनी मिळालेली आपुलकी क्षणाची ठरली आणि नावाने मिळालेली जागा दहा दिवसांची. आपल्यात म्हणतात, सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. आम्हाला वाटते, माणसाचेही फार दिवस आणता येत नाही. रोज धाकधूक राहते, की आज अकरावा दिवस तर नाही?

मग बाहुली टाकूनच द्यायची काय? तसेही नाही. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या कलावंतांनी गावोगाव आंबेडकरी जलसे केले. कुणी सावकार व्हायचा, कुणी अडाणी बाप, पुरुषच बायकांची कामे करायचे. तीही सोंगेच. पण ती शहाणे करण्यासाठी होती, आणि सोंगाखालचा माणूस आपलाच आहे हे सगळ्या मांडवाला ठाऊक असायचे. कित्येकांची पहिली शाळा तीच. सोंग शिकण्यासाठी घेतले तर माणूस मोठा होतो. लाजेने घेतले तर आतून खचतो.

हे नुसते आमचे म्हणणे नाही. निक यी आणि जेरेमी बेलन्सन या दोघांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की ज्यांना उंच बाहुली दिली ते देवघेवीच्या बोलण्यात अधिक ठाम वागले. म्हणजे बाहुलीचे रूप आपल्या वागण्यात उतरते. आता विचार करा. आमची सावळी मुलगी गोरी बाहुली घेऊन रोज धीट होत असेल, तर ती मनाशी काय शिकेल? की धीटपणा गोऱ्या रंगाचा असतो, आपला नव्हे.

धम्मदीक्षेनंतर आपल्या लोकांनी मुलांची जुनी नावे टाकून सिद्धार्थ, राहुल, गौतम, सुजाता अशी नावे ठेवली. तेही नवे रूपच होते. पण ते लपायला नव्हते. चारचौघांत हाक मारायला होते.

आमच्या घरी आता तीन गोष्टी ठरल्या आहेत. पहिली, खरा फोटो, पत्ता, शाळा, मोबाइल नंबर अनोळखी माणसाला द्यायचा नाही. ही सावधगिरी आहे, लाज नव्हे, आणि दोन्हींतला फरक मुलांना समजावून सांगायचा. २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यासाठी पालकांची संमती सांगितलेली आहे. दुसरी, कुणी जातीवरून बोलले तर ते पुसायचे नाही. जपून ठेवून घरी दाखवायचे. इंटरनेटवर केलेला जातीय अपमानही अॅट्रॉसिटी कायद्याखाली येऊ शकतो, असा निर्णय केरळ उच्च न्यायालयाने २०२२ साली दिला आहे. मुलांच्या अडचणीसाठी १०९८ आणि मोबाइलवरच्या फसवणुकीसाठी १९३० हे नंबर आम्ही कॅलेंडरवर लिहून ठेवलेत. तिसरी, बाहुली कशीही कर, पण आपण जे आहोत ते झाकण्यासाठी करू नकोस.

आम्ही तिच्यावर सक्ती केली नाही. चार-पाच दिवसांनी तिनेच बाहुलीचा रंग बदलला, आपल्यासारखा केला. केस काळे, दोन वेण्या. आडनाव काढून नुसते पहिले नाव ठेवले. मित्रांबरोबर बांधलेल्या अभ्यासाच्या खोलीवर निळा झेंडा लावला. त्यानंतर एक मुलगा तिथे यायचा थांबला. का ते त्याने सांगितले नाही. मुलीला दोन दिवस वाईट वाटले. बाकीचे येतात. वर्तुळाचा धडा चालू आहे.

साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना बसायला घरून गोणपाट न्यावे लागे आणि संध्याकाळी ते परत आणावे लागे. आजच्या या नव्या शाळेत गोणपाट दिसत नाही. पण नाव लपवून बसावे लागत असेल, तर तेही एक गोणपाटच. आपल्या मुलांनी ते वाहू नये.

आणि हो, वडिलांच्या मोबाइलवरचे गुलाबाचे फूल आम्ही काढले. बाबासाहेबांचा फोटो पुन्हा लावला. मुलीच्या हातानेच लावून घेतला. आईंनी चष्मा लावून तो पाहिला आणि म्हणाल्या, "हां, आता कसं घर आपलं वाटतंय."

नमो बुद्धाय! जयभीम!