सुट्टीत घरीच होतो

जूनमध्ये शाळा उघडली की भाषेच्या तासाला एक निबंध ठरलेला असतो, ‘मी उन्हाळ्याची सुट्टी कशी घालवली’. वीस वर्षांहून अधिक काळ मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते आहे. या निबंधाच्या वह्या तपासताना मला दरवर्षी तोच मामाचा गाव, तीच आमराई आणि तीच विहीर भेटते. सोलापूरच्या ज्या मोहल्ल्यांतून माझी मुलं येतात, तिथे बहुतेकांचा मामा दोन गल्ल्या सोडून राहतो. त्याच्याकडे आमराई नाही, भाड्याच्या दोन खोल्या आहेत. निबंध गाईडमधून उतरवलेला असतो, हे मुलांनाही ठाऊक असतं आणि मलाही.

काही वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलाने महाबळेश्वरच्या सहलीवर दीड पान लिहिलं होतं. घोड्यावर बसलो, स्ट्रॉबेरी खाल्ली, वगैरे. मी त्याला जवळ बोलावून हळूच विचारलं, “घोडेवाल्याने किती पैसे घेतले रे?” तो हसला आणि म्हणाला, “टीचर, घरीच होतो. पण घरी होतो, त्यात लिहायचं काय?”

त्याचे अब्बा कूलर दुरुस्त करतात. सोलापुरात एप्रिल-मे म्हणजे त्यांचा कमाईचा हंगाम. महिनाभर हा मुलगा त्यांच्यासोबत घरोघरी फिरला होता. कूलरचं जुनं गवत कसं काढायचं, जाळीत नवीन कसं सारखं पसरायचं, पंप का अडकतो, पाण्यातल्या क्षारांचा थर कसा खरवडायचा, हे त्याने मला दहा मिनिटं न थांबता सांगितलं. मराठीत सांगितलं आणि शब्द कुठे अडले नाहीत. वहीतल्या दीड पानापेक्षा ते कितीतरी जिवंत होतं. पण ते निबंधात लिहिण्याच्या लायकीचं आहे, असं त्याला वाटलंच नव्हतं.

मला ही गोष्ट साधी वाटत नाही. ज्या मुलाला आपलं घर वहीत लिहिण्याजोगं वाटत नाही, त्याला थोडा मोठा झाल्यावर त्याच घराची लाज वाटू लागते. आणि हे त्याला शिकवतो आपणच. “आम्ही काय नेणार बाबा कुठे, आमच्याकडे काय आहे?” हे वाक्य मी पालकसभेत दर एप्रिलला ऐकते. उन्हाळी शिबिराला पैसे नाहीत आणि बाहेर ऊन मी म्हणतं आहे, मग पोराच्या हातात मोबाईल दिला की दुपार निघते. आयांना यात दोष देण्यात अर्थ नाही. त्या थकलेल्या असतात. पण सुट्टी म्हणजे कुठेतरी जाणं आणि काहीतरी विकत घेणं, ही कल्पना मात्र डोक्यातून काढायला हवी.

आमच्या घरी आम्ही जे करतो, त्यातलं थोडं इथे लिहिते. अट एकच. मुलाला खरं काम द्यायचं. बाजूला बसून बघायला लावलं की ते पाचव्या मिनिटाला उठून जातं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

पहिलं काम कुरडयांचं. गहू तीन दिवस भिजत घालायचे आणि रोज पाणी बदलायचं. आमच्याकडे पाणी बदलायची जबाबदारी धाकट्या मुलाची. तो रोज वास घेऊन वहीत लिहितो. पहिल्या दिवशी “काही नाही”, दुसऱ्या दिवशी “थोडा आंबट”, तिसऱ्या दिवशी “नाक धरलं”. आंबवण्याची क्रिया विज्ञानाच्या पुस्तकात पुढे कधीतरी येईल, पण त्याच्या नाकाला ती आधीच कळली आहे. मग गहू वाटायचे, पिळून गाळायचे आणि रात्रभर चीक खाली बसू द्यायचा. सकाळी वरचं पाणी ओतून जेवढा चीक तेवढं पाणी मोजून उकळायला ठेवायचं. त्यात मीठ, हिंग आणि मग चीक. गुठळी होऊ न देता घोटायचं काम माझं. गरम चीक सोऱ्यातून दाबायला जोर लागतो, ते काम मुलांच्या अब्बांचं. एरवी स्वयंपाकघरात पाणी प्यायला येणारा माणूस त्या दिवशी पहाटे सहा वाजता गच्चीवर सोऱ्या फिरवत असतो, आणि मुलं त्यांच्या वाकड्या कुरडयांना हसत असतात. कावळे हाकलणं आणि ओली कुरडई चोरून खाणं, या दोन्ही कामांवर मुलांचाच हक्क.

माझ्या सासूबाई म्हणजे मुलांच्या दादी. गुडघ्यांमुळे त्यांना आता जिना चढवत नाही. त्या खाली बसून सूचना देतात. त्यांची सगळी मापं मुठीत आणि चिमटीत. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीने त्यांची एक मूठ मीठ वजनकाट्यावर ठेवून पाहिली, तीनदा ठेवून सरासरी काढली आणि वहीत लिहिली. दादींना आधी हसू आलं. मग त्यांनी विचारलं, “हींग का बी लिखी क्या?” त्या वहीचं पहिलं पान अशा रीतीने सुरू झालं.

त्याच वहीत मागून दुसरी एक यादी आहे. दादी बोलतात ती दखनी, शाळेत शिकतो ती उर्दू आणि गल्लीबाहेर लागते ती मराठी, असे तीन रकाने. दादींचं “नक्को”, उर्दूतलं “नहीं” आणि मराठीतलं “नको” शेजारी-शेजारी लिहिल्यावर मुलगी म्हणाली, “अम्मी, दादी तर मराठी बोलतात!” बोलतातच. दखनी इथल्याच मातीत वाढली, शेकडो वर्षं मराठी-कन्नड-तेलुगूच्या शेजाराने राहिली. दादींचं “लोगां”, “बातां” हे अनेकवचन म्हणजे चुकलेली उर्दू नाही, तो दखनीचा आपला नियम आहे. माझ्या वर्गातल्या मुलांना कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं की तुम्ही घरी अशुद्ध बोलता. उर्दूवाले हसतात म्हणून ती उर्दूत गप्प, आणि मराठीवाले हसतील म्हणून मराठीत गप्प. ही तीन रकान्यांची वही कुठल्याही घरात करता येते. तुमच्या घरी अहिराणी असेल, मालवणी असेल, वऱ्हाडी असेल. रोज पाच शब्द म्हटले तरी महिन्यात दीडशे होतात.

दुसरी गोष्ट सावलीची. आपला सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी नेमका आपल्या डोक्यावर येतो. तेव्हा उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच दडते. यातला दुसरा दिवस पावसाळ्यात येऊन ढगांत हरवतो. पहिला मे महिन्यात येतो. सोलापुरात १०-११ मेच्या आसपास, पुण्यात १३-१४ मेला, मुंबईत १५-१६ मेला आणि नागपुरात मे संपता संपता. सोलापुरात ही वेळ दुपारी सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान येते. गच्चीवर एक गोल डबा किंवा बाटली सरळ उभी ठेवायची आणि बाराच्या आधीपासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करायची. डोक्यावर टोपी हवी, पाण्याचा तांब्या जवळ हवा, आणि सूर्याकडे थेट बघायचं नाही. सावली आखडत आखडत डब्याखाली जाते, तेव्हा गल्लीतली दहा पोरं ओरडतात. खर्च एका खडूचा.

याचाच पुढचा भाग २७-२८ मेला करता येतो. त्या दिवशी सूर्य मक्केत काबाच्या बरोबर माथ्यावर असतो. आपल्याकडे तेव्हा दुपारचे २ वाजून ४८ मिनिटांच्या सुमाराची वेळ असते. त्या क्षणी उभ्या काठीची सावली ज्या दिशेला पडते, त्याच्या बरोबर उलट दिशेला किबला. ना मोबाईलचं होकायंत्र लागत, ना ॲप. माझ्या मुलाने गच्चीवर खडूने ती रेघ आखली आणि खाली येऊन आमच्या जानमाजची दिशा तपासली.

तिसरी गोष्ट गप्पांची, पण त्यातही हिशोब आहे. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणजे सौरवर्षापेक्षा ११ दिवसांनी लहान. त्यामुळे रमजान दरवर्षी थोडा अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येतो. मी पहिला रोजा धरला तो १९८७ च्या मे महिन्यात, सोलापूरच्या उन्हात, सातव्या वर्षी. त्यानंतर ३३ वर्षांनी, २०२० मध्ये, रमजान पुन्हा त्याच दिवसांत आला. हे मुलांना सांगितल्यावर त्यांनी दादींना विचारलं, “तुमचा पहिला रोजा कधी?” साल त्यांना माहीत नव्हतं. पण कडाक्याची थंडी होती, आणि सहेरीला त्या चुलीला खेटून बसल्या होत्या, एवढं पक्कं आठवत होतं. वय सात-आठ.

दादींच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जून १९५४ आहे. त्या पिढीतल्या कितीतरी माणसांचा वाढदिवस १ जूनलाच येतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहून टाकलेला. मुलीने कागद घेतला. १९९८-९९ च्या हिवाळ्यात रमजान होता. त्यातून ३३ वजा केले तर १९६५-६६. त्यातून सात-आठ वर्षं वजा केली तर दादींचा जन्म १९५७-५८ च्या आसपासचा. वर्षभराचा फरक मागेपुढे धरला, तरी कार्डावरचं वय जास्तच निघतं. दादी बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “मतलब मैं इतनी बुड्ढी नै.” नंतरचा आठवडाभर त्या शेजारणींना हे सांगत होत्या.

तुमच्याकडे रोजे नसतील, तर दुष्काळ असेल. “बहात्तरच्या दुष्काळात मी एवढी होते” असं सांगणारी आजी अजून पुष्कळ घरांत आहे. खडी फोडायला कोण गेलं, सुकडी कुणी खाल्ली, किल्लारीचा भूकंप झाला त्या पहाटे घरात कोण जागं होतं, हे मुलांनी विचारावं आणि लिहून ठेवावं.

रात्री ईशाच्या नमाजनंतर गच्ची जरा निवते. तिथे खडूने पाच बाय पाचचा पट आखून आम्ही चिंचोक्यांनी खेळतो. चार चिंचोके एका बाजूने दगडावर घासून पांढरे करायचे. चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ. चार जणांचा हा खेळ, आणि दादी पट्टीच्या खेळाडू. खेळ संपला की एक गोष्ट मोठ्याने वाचायची, पाळीपाळीने. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. मोबाईल तेव्हाही हातात असतोच, पण एकाच्या हातात, आणि बाकीचे ऐकत असतात.

आता प्रश्न वेळेचा. माझ्या एका विद्यार्थिनीची आई विड्या वळते. हजारामागे मजुरी, त्यामुळे हात थांबवणं तिला परवडत नाही. मी तिला वेगळा वेळ काढायला सांगितलंच नाही. म्हटलं, तुम्ही वळत राहा, मुलगी शेजारी बसून वाचेल. त्या बाईंना मराठी वाचता येत नाही, समजते मात्र चांगली. जूनमध्ये त्या शाळेत आल्या तेव्हा म्हणाल्या, “टीचर, गोष्टीतल्या राजाचं पुढं काय झालं ते कळेपर्यंत मी उठलेच नाही, त्या दिवशी विड्या जास्त झाल्या.” मुलीचं वाचन सुधारलं, ते वेगळंच.

तेव्हा यातलं सगळं करू नका. एखादी गोष्ट निवडा, आणि तिचा दिवस कॅलेंडरवर मुलाच्या हाताने लिहून घ्या. म्हाताऱ्या माणसांना विचारायचे प्रश्न मात्र आजच विचारा. आणि कुरडया करणार असाल, तर गहू मे संपायच्या आत भिजवा. आभाळ आलं की त्या वाळत नाहीत.