लावा आणि लावा

शब्दांवर आपला हक्क आहे, असे मराठीच्या प्राध्यापकाला वाटत असते. मलाही वाटे. तो समज केळझरला उतरला.

केळझर हे माझे आजोळ. टेकडीवर सिद्धिविनायक, पलीकडे झाडी. एका दिवाळीत मामांबरोबर तिकडे फिरायला गेलो होतो. अगदी पायांजवळच्या झुडपातून भुर्रकन दहाबारा लावे उडाले आणि दाही दिशांना पांगले. लावे असेच, पाय पडेपर्यंत हलत नाहीत.

"पोटावर काळेपांढरे पट्टे! हा माळावरचा लावा," मी भाचरांना सांगितले. कर्नल साइक्स यांनी १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी करताना त्याला शास्त्रीय नाव दिले, हेही ऐकवले.

मामा म्हणाले, "थो झाडीतला हाय, बाप्पा. पट्टे दोघायच्याही नराले असतात. गळा पाह्य, भुवई पाह्य. अन् आपून कुठं उभे आहो, थे पाह्य."

"मामा, हे शास्त्र आहे," मी म्हणालो. पोरे हसली. मामा गप्प झाले.

रात्री कंदिलाच्या उजेडात पुस्तक उघडले. दोघेही वीतभराचे, एकाच कुळातले. पट्टे दोघांच्याही नरांना. पण झाडीतल्याचा गळा विटकरी, भुवई पांढरी, लांब आणि ठसठशीत. माळावरच्याचा गळा मळकट, भुवई आखूड. त्याच्या मादीला तर गळ्याचा तांबूस रंगही नाही. पहिल्याला झाडी-झुडपे हवीत, दुसऱ्याला कोरडा, खडकाळ, काटेरी माळ. आम्ही तर झाडीतच उभे होतो! मामांचे अक्षर न् अक्षर खरे होते.

आमच्या कोशात दोघांना मिळून शब्द एकच, 'लावा'. मामांनी शब्दाला जमीन जोडली की त्याचे दोन होत.

सकाळी चूक कबूल करायला हवी होती. पण भाचरे भोवती होती. प्राध्यापकाची जीभ रेटेना. पुढच्या दिवाळीला सांगू म्हटले. पुढच्या दिवाळीला मामा नव्हते.

परवा केळझरला त्याच वाटेने गेलो. लावे पुन्हा उडाले, पांगले. थोड्या वेळाने झुडपाझुडपांतून बारीक शीळ येऊ लागली. पांगलेले लावे असे एकमेकांना साद घालून पुन्हा एकत्र येतात. भाचरे आता मोठी झाली आहेत. मी त्यांना थांबवून म्हटले, "त्या दिवशी मामा बरोबर होते."

कोणीच हसले नाही.