मे महिन्याची वही

१ मेला निकालपत्रं वाटली आणि दुसऱ्याच दिवशी गावी आलो. पहाटे दुर्बीण घेऊन व्हाळाकडे जातो. नवरंग अजून आलेला नाही. वळवाचे ढग जमू लागले की त्याची दोन सुरांची शीळ रानात घुमेल. तेवढ्यासाठी रोज जायचं.

अंगणात आमसुलांचं काम चाललंय. आई रातांब्यांची सालं मीठ घातलेल्या रसात बुडवते, उन्हात घालते, पुन्हा रसात. असं पाच-सहा वेळा, सालं काळीभोर होईपर्यंत. लेकीने विचारलं, "आजी, एकदाच भरपूर रस का नाही घालत?"

"बाय, एका दमात किती पितील ती?"

माझ्या वर्गातली, पाढ्यांशी झगडणारी दोन मुलं एकदम डोळ्यांसमोर आली. त्यांच्यामागे मी फार घाई केली. ते आता लागतं मनाला.

दिवेलागणीला हरिपाठ. आईला २७ अभंग पाठ, मला अजून पुस्तक लागतं. आज लेकीने पहिला अभंग न बघता म्हटला आणि माझ्या हातातला टाळ वाजायचा थांबला. किती वेळ कोण जाणे.

जूनच्या मध्याला शाळा उघडेल. त्या दोघांसाठी चिंचोके धुऊन, दहा-दहाच्या पुरचुंड्या बांधून ठेवल्यात.