निरगाठ आणि सुरगाठ

मराठीत ‘गाठ’ हा शब्द कुठेकुठे वावरतो, याची यादी मी दरवर्षी पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना करायला सांगते. लग्नगाठ, खूणगाठ, गाठभेट, गाठीशी असलेले चार पैसे, ‘गाठ माझ्याशी आहे’ ही धमकी. आणि शेवटी दोराच्या दोन गाठी, एक टोक ओढताच सुटणारी सुरगाठ आणि ओढावी तितकी आवळत जाणारी निरगाठ. एका शब्दाचा अर्थ कसा पसरत जातो हे शिकवायला हा स्वाध्याय सोयीचा पडतो. सहा वर्षांपूर्वी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, सोनोग्राफीचा अहवाल हातात घेऊन बसले असताना ध्यानात आले की, या यादीतली एक गाठ मी कधीच फळ्यावर लिहिली नव्हती.

अहवालात तीन फायब्रॉइड होते. दोन गर्भाशयाच्या बाहेरच्या अंगाला आणि एक आतल्या पोकळीत डोकावणारा, २.८ सेंटिमीटरचा. डॉक्टरबाईंनी कागदावर आकृती काढून जागा दाखवल्या आणि सहज म्हणाल्या, ‘गर्भाशय दहा आठवड्यांचे झाले आहे.’ गाठींनी वाढलेले गर्भाशय गर्भारपणाच्या आठवड्यांत मोजण्याची वैद्यकाची रीत आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. चार वर्षे ज्या आठवड्यांची वाट पाहिली, ते माझ्या वाट्याला असे आले.

या गाठी स्नायू आणि तंतूंच्या बनलेल्या असतात. त्या बहुतेक सगळ्या निरुपद्रवी, म्हणजे कर्करोगाच्या नसतात. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांवर त्या पोसतात आणि पाळी गेल्यावर सहसा आक्रसतात. त्या दुर्मिळही नाहीत. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार पन्नाशीपर्यंत सुमारे ७० टक्के गोऱ्या आणि ८० टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये त्या आढळतात. महत्त्व आकारापेक्षा अनेकदा जागेला असते. बाहेरच्या अंगाच्या गाठी गर्भधारणेच्या आड फारशा येत नाहीत; पोकळीत शिरलेली लहानशी गाठही येऊ शकते. मला मात्र त्या दिवशी एवढेच कळले की, माझे हिमोग्लोबिन ८.४ आहे आणि दर महिन्याचा तो रक्तस्राव ‘सगळ्याच बायकांना होतो तेवढा’ नव्हता.

घरी सासूबाईंना सांगितले. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘ऑपरेशनचे नाव काढू नकोस हं. पहाटे चालायला जा, पालेभाजी खा, वेळेवर नीज. गाठ विरघळते.’ त्यांच्या स्वरात सल्ल्यापेक्षा विनवणी अधिक होती. त्या विनवणीचे कारण मला बऱ्याच उशिरा कळले.

मी व्रत घ्यावे तसे सगळे सुरू केले. रोज पाऊण तास चालणे, जेवणात मेथी, राजगिरा, अळू, नाचणीची भाकरी. साखर बंद, रात्रीचे पेपर तपासणे बंद, दुपारी चहाऐवजी ग्रीन टी. हाताशी आलेले सगळे वाचूनही काढले. इटलीतील १९९९ च्या एका पाहणीत हिरव्या भाज्या अधिक खाणाऱ्या स्त्रियांत या गाठी कमी आढळल्या होत्या. ड जीवनसत्त्व पुरेसे असणाऱ्यांतही त्या कमी दिसल्या होत्या. इजिप्तमधील २०१३ च्या एका छोट्या चाचणीत ग्रीन टीच्या अर्काने चार महिन्यांत गाठी लहान झाल्या होत्या. पण साहित्याच्या अभ्यासकाला जे शिकवले जाते, ते इथेही करावे लागले: वाक्य नेमके काय म्हणते आणि काय म्हणत नाही, हे पाहावे लागले. भाजी खाणाऱ्यांत गाठी कमी आढळणे वेगळे आणि भाजी खाल्ल्याने झालेली गाठ जाणे वेगळे. इजिप्तच्या चाचणीत पूर्ण काळ टिकलेल्या स्त्रिया अवघ्या ३३ होत्या. आणि अशा अर्काचे प्रमाण वाढल्यास यकृतावर ताण दिसू शकतो, असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये दिला. पेल्यातला चहा आणि बाटलीतला अर्क या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

काढ्यासाठी सासूबाई मला त्यांच्या माहितीतल्या एका वृद्ध वैद्यांकडे घेऊन गेल्या. त्यांनी नाडी पाहिली, अहवाल शांतपणे वाचला आणि मी मराठीची प्राध्यापक आहे हे कळल्यावर चरकसंहितेतला रक्तगुल्म समजावून सांगितला. हा गुल्म फक्त स्त्रियांना होतो, त्यात गर्भारपणासारखीच लक्षणे दिसतात आणि म्हणून दहावा महिना उलटल्यावरच त्याची चिकित्सा करावी, असे ग्रंथ सांगतो. ‘तो रक्तगुल्म म्हणजेच ही गाठ, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही,’ ते म्हणाले. ‘पण बाई, एक ध्यानात घ्या. ग्रंथकार थांबायला सांगतात ते, न जाणो पोटात मूल असेल, म्हणून. थांबल्याने गाठ जाते असे ते म्हणत नाहीत. मी तुमची भूक आणि झोप सुधारू शकेन. आतली गाठ विरघळवीन असे वचन देणार नाही. दिवस राहण्याचे प्रयत्न चालू आहेत, तेव्हा कुणाचाही काढा डॉक्टरांना न सांगता घेऊ नका.’ काढा न घेताच आम्ही परतलो.

आठ महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. वजन सहा किलोंनी उतरले होते. लोहाच्या गोळ्या लिंबूपाण्याबरोबर आणि चहापासून दूर घेतल्याने हिमोग्लोबिन ११.६ झाले होते. जिना चढताना धाप लागत नव्हती. गाठ मात्र २.९ सेंटिमीटरची होती.

त्या रात्री मी काय केले? आठ महिन्यांत चुकलेल्या दिवसांचा हिशेब मांडला. अमुक दिवशी चालले नाही, बहिणीच्या मुलाच्या बारशाला दोन जिलब्या खाल्ल्या, परीक्षेच्या काळात जागरण झाले. जीवनशैलीच्या उपायांची ही बाजू कुणी सांगत नाही. जी गाठ वागणुकीने सुटते, ती न सुटल्यास दोष वागणुकीचा ठरतो. ‘वांझ’ हा शब्द आता सभ्य घरांत उच्चारला जात नाही. पण त्यातला आरोप गेलेला नाही, तो फक्त आहाराच्या तक्त्यात जाऊन बसला आहे. एरवी तो दुसऱ्यांनी करायचा असे; आता तो आपला आपणच करायचा असतो.

दिवा चालू पाहून सासूबाई आल्या. माझा हिशेबाचा कागद त्यांनी पाहिला आणि प्रथमच त्यांची हकिकत सांगितली. छत्तिसाव्या वर्षी त्यांना असाच रक्तस्राव होत होता. एका डॉक्टरांनी ‘पिशवी काढून टाका, आता तिचे काम संपले’ असे सांगितले आणि आठवड्यात ती काढलीही. दुसरा उपाय आहे का, हे कुणी विचारले नाही; त्यांना तर नाहीच नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये सर्रास काढली गेल्याच्या बातम्या आल्या, सरकारला समिती नेमावी लागली, तेव्हा त्या वर्तमानपत्र घेऊन बराच वेळ बसल्या होत्या, हे मला आठवले. ज्याला आपण भाजीपाल्यावरचा भाबडा विश्वास समजतो, त्याच्या मुळाशी कधीकधी असा अनुभव असतो.

‘आई, पिशवी नाही काढायची,’ मी म्हणाले. ‘फक्त आतली एक गाठ. दुर्बिणीने, पोटाला छेद न घेता.’ त्यांनी दोनदा विचारले, ‘नक्की ना?’ मग डॉक्टरबाईंकडे त्या स्वतः आल्या आणि स्वतःच्या वेळी न विचारलेले सगळे प्रश्न माझ्यासाठी विचारून घेतले. बाहेरच्या दोन गाठींना हात लावायची गरज नव्हती. त्या अजून आहेत.

मूल झाले का, हा प्रश्न वाचकाच्या मनात आला असेल. नाही झाले. रक्तस्राव थांबला, एकदा दिवस राहिले, ते टिकले नाहीत. त्याचे कारण त्या गाठीत होते की वयात की आणखी कशात, हे शोधण्याचा कागद मी पुन्हा मांडलेला नाही.

चालणे मात्र सुटलेले नाही. पहाटे मी आणि सासूबाई दोघी जातो. ते आता कशावरचाही उपाय नाही, म्हणूनच बहुधा आवडते. आणि यंदा फळ्यावरच्या यादीत मी ती राहिलेली गाठ लिहिली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने मान वर करून पाहिले, आणि तास संपल्यावर ती माझ्यासाठी थांबली.