उपलाच्या गांवीं

संस्कृताच्या तासास 'उपल' शब्द आला म्हणजे 'दगड, धोंडा' एवढाच अर्थ सांगून मी पुढें जात असें. कालिदासानेंही मेघदूतांत विंध्याच्या पायथ्याशीं रेवेला अडविणाऱ्या खडकांस हाच शब्द योजिला आहे. बहुधा याच शब्दापासून ग्रीक व लॅटिन भाषांच्या वाटेनें युरोपांत 'ओपल' हें रत्नाचें नांव रूढ झालें, असें व्युत्पत्तिकार सांगतात. परंतु ओपल म्हणून जें कांहीं असतें, तें मीं वयाच्या चौसष्टाव्या वर्षापर्यंत पाहिलें नव्हतें. आपल्या नवरत्नांत त्याची गणना नाहीं. आणि शाळामास्तराच्या घरीं नवरत्नें तरी कोठून असणार!

गेल्या वर्षीं जून महिन्यांत, म्हणजे तिकडील हिवाळ्यांत, दक्षिण ऑस्ट्रेलियांतील ॲडलेड शहरीं मुलाकडे राहावयास गेलों. चिरंजीवांस तेथें ओपल घासण्याचा छंद जडला आहे. मोटार ठेवण्याच्या खोलींत त्यानें चाकांचें यंत्र बसविलें आहे, आणि रविवारीं जेवणाची वेळ टळली तरी स्वारी तेथून हालत नाहीं, अशी सूनबाईंची तक्रार. "दगड घासून काय मिळतें रे?" असें मीं विचारलें. उत्तर न देतां त्यानें आम्हां दोघांस मोटारींत बसवून कूबर पेडी या गांवीं नेलें.

हें गांव ॲडलेडच्या उत्तरेस सुमारें ८५० किलोमीटरांवर आहे. वाटेंत तासन्‌तास उजाड लालसर माळ, आणि मग एकाएकीं वारुळांसारखे पांढरट मातीचे असंख्य ढिगारे. प्रत्येक ढिगाऱ्याशेजारीं एक विवर. १९१५ सालीं सोनें शोधावयास आलेल्या एका टोळींतील विली हचिसन या १४ वर्षांच्या मुलास पाण्यासाठीं हिंडतांना येथें ओपल सांपडला. गांवाचें नांव तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेंतील असून त्याचा अर्थ 'गोऱ्या माणसाचें बीळ' असा सांगतात. तो यथार्थच म्हणावा लागेल. उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो, म्हणून पुष्कळ लोक टेकड्या कोरून आंत राहतात. प्रार्थनामंदिरेंसुद्धां जमिनीखालीं आहेत. आमची खोलीही तशीच होती. बाहेर कडाक्याची थंडी, आंत ऊब. आणि भिंतींवर कोरणाऱ्या यंत्राच्या दातांचे ओरखडे हीच काय ती नक्षी. गांवाबाहेर पाट्या लाविल्या आहेत: धांवूं नका, मागें मागें चालूं नका. छायाचित्र घेतांना मागें सरकणारा मनुष्य सरळ विवरांत जावयाचा!

खाणवाल्यांनीं टाकिलेल्या मातींतून उरलेसुरले तुकडे वेंचण्याची मुभा लोकांस एके ठिकाणीं आहे. तेथें आम्ही दोघे पुरुष निरर्थक खडे गोळा करीत असतां सूनबाईंस बोराएवढा एक तुकडा मिळाला. वरून मळकट, पण कडेस हिरव्या-तांबड्या रंगाची रेघ. "नाना, हा तुम्हीच घासायचा," असें म्हणून तिनें तो माझ्या हातावर ठेविला.

ओपल म्हणजे वाळूचेंच द्रव्य, सिलिका. पाण्यांत विरघळलेली सिलिका भूमीच्या भेगांत झिरपून तेथें सांठली. तिचे अतिसूक्ष्म गोल फळवाल्यानें मोसंबीं रचावीं तसे रचलेले असतात, हें ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांस १९६४ सालीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें दिसलें. त्या रचनेंतून प्रकाश फुटून रंग उमटतात. गोल लहान तर निळा, मोठे तर तांबडा. रचना विस्कळीत असेल तर रंगच नाहीं. अशा निस्तेज ओपलास 'पॉच' म्हणतात, आणि रंगाचा थर पुष्कळदां या पॉचवर पापडासारखा पातळ बसलेला असतो.

परत आल्यावर तीन आठवडे मीं नुसत्या पॉचवर हात बसविला. खडा मेणानें खिळ्याच्या डोक्यावर चिकटवावयाचा आणि फिरत्या चाकास हलकेच लावावयाचा. पाणी सतत हवें. ओपलच्या पोटांत पाणी असतें आणि तो तापला कीं तडकतो. शिवाय कोरडी धूळ फुप्फुसांस घातक. खरखरीत चाकावरून बारीक चाकांवर येत येत शेवटीं चामड्यावर सेरियम ऑक्साइडच्या पुडीनें झिलई द्यावयाची. मध्यें घाई केली तर झिलईच्या वेळीं पहिल्या चाकाचा ओरखडा दिसूं लागतो, आणि पुन्हां मागें जावें लागतें. शुद्धलेखनाच्या वह्या तपासण्यांत जन्म गेलेल्या मला हें काम फार मानवलें.

चौथ्या रविवारीं सूनबाईंचा खडा घेतला. वरचा मळ गेला आणि आंतून मोराच्या कंठासारखा हिरवा रंग उजळला; खडा फिरवावा तों त्यांत तांबडी ठिणगी धांवे. मधोमध मात्र वाळूचा एक काळा कण होता, मोहरीच्या निम्म्यानें.

"नाना, तो राहूं द्या. थर किती खोल आहे तें वरून कळत नाहीं," चिरंजीव म्हणाले.

मला तें पटलें नाहीं. दिसलेली चूक तशीच सोडणें मीं पस्तीस वर्षांत कधीं केलें नव्हतें. तो चहा घेण्यास आंत गेल्यावर मीं खडा पुन्हां चाकास लाविला. कण हालेना. आणखी थोडें, आणखी थोडें. अखेर कण गेला. खडा पुसून दिव्याखालीं धरला, तों मधोमध मसुरीएवढा फिकट डाग. थर संपून खालचा पॉच उघडा पडला होता. वहींत खोडलेलें पुन्हां लिहितां येतें. येथें तो उपाय नव्हता.

दोन दिवस खडा कोटाच्या खिशांत ठेवून 'काम चाललें आहे' असें मी सांगत राहिलों. खोटें बोलल्याबद्दल पोरांस बांकावर उभें करणारा तो मीच! तिसऱ्या दिवशीं जेवतांना सांगून टाकिलें. सूनबाईंनीं खडा उलटसुलट पाहिला. "या देशांत आल्यापासून माझें म्हणून मला सांपडलेलें हें पहिलेंच होतें, नाना," एवढेंच ती म्हणाली. मला पुढें जेववेना.

पुढल्या रविवारीं चिरंजीवांनीं बारीक करवतीनें मधला भाग कापून काढिला. एका कडेस डाळीच्या दाण्याएवढा रंगीत तुकडा उरला. तो घासावयास ती स्वतः बसली. मी शेजारीं दिवा धरून होतों. त्या तुकड्यांतही कडेला एक कण आहे. तो तिनें तसाच ठेविला. त्या दिवशीं जेवणें तिसऱ्या प्रहरीं झालीं, आणि तक्रार करावयास कोणी उरलें नव्हतें.

येतांना तो तुकडा मीं बरोबर आणिला. आमच्या नेहमींच्या सोनारानें त्याची चमकी केली आहे. सोनें तापवितांना खडा दूर ठेव, हें मीं त्यास तीन वेळां बजाविलें. ॲडलेडला जाणारें ओळखीचें कोणी मिळालें कीं पाठवावयाची.